एक गरम की चारी?

आमच्या मेहुण्याचा मांडवाचा धंदा आहे. मांडव, खुर्च्या, कढया, कमानी आणि लागलंच तर नवरानवरीसाठी लाल मखमलीचा सोफा. हे सगळं वाहायला त्याच्याकडे एक पिकअप आहे. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीमात्र दोष नव्हता. ज्यांचा होता त्यातले बरेचसे नात्यातले आहेत.

ब्रेक फेल होणं हे दुखणं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला समाजात मान आहे. ‘ब्रेक फेल झाला होता’ म्हटलं की ऐकणारा चहाचा कप खाली ठेवतो. आमच्या पिकअपचं दुखणं नेमकं उलटं होतं. ब्रेक लागायचा झकास, पण लागलेला सुटायचा नाही. हे कुणाला सांगायची सोय नाही. एका ओळखीच्याला सांगितलं तर म्हणाला, “मग बरंय की. निदान थांबते तरी!” मधुमेह झालेल्याला ‘वा, तोंड कायम गोड’ म्हणावं, तसं.

खरं तर लक्षणं दोन महिने आधीपासून दिसत होती. प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे त्यांचा अर्थ लावला, एवढंच. लिटरला तेरा किलोमीटर देणारी गाडी नवावर आली. मेहुण्याने तत्काळ निदान केलं, की ड्रायव्हर डिझेल काढतो. ड्रायव्हर म्हणाला, “मालक, गाडी ओढत नाहीये.” मेहुणा म्हणाला, “गाडी ओढत नाही, का तू ओढतोयस?” अकरा वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदा ऐकावं लागलेला तो माणूस त्या दिवसापासून पंपाच्या पावत्या डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे रचून ठेवायला लागला. देवाच्या साक्षीने हिशोब.

दुसरं लक्षण धायरीच्या गोडाऊनसमोरचं. तिथे चांगला उतार आहे. पूर्वी हँडब्रेक काढला की गाडी आपणहून चालू लागायची आणि ड्रायव्हर धावत जाऊन आत बसायचा. आता हँडब्रेक काढला तरी गाडी जागची हलेना. याचा मेहुण्याला आनंद झाला. “भाऊजी, गाडी शहाणी झाली बघा.” नुकतंच पासिंगही एका फटक्यात झालं होतं, दिवेबिवे सगळं ठाकठीक. तेव्हा गाडीत काही बिघाड असेल अशी शंका घेणं म्हणजे सरकारी कागदाचा अपमान होता.

मग वैशाखात भोरचं लग्न आलं. दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त, म्हणून आदल्या संध्याकाळी खुर्च्या पोचवायच्या होत्या. कात्रज चौकातून दोन कढया उचलायच्या होत्या, त्यामुळे जुन्या घाटाने निघालो. मी केबिनमध्ये मधल्या जागेवर, म्हणजे गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गुडघा ठेवून. तिसऱ्या गिअरला मी श्वास आत घ्यायचा, चौथ्याला सोडायचा. त्या दिवशी चौथा पडलाच नाही. घाटाच्या निम्म्यात वास यायला लागला. करपलेल्या मेथीचा आणि जळक्या केसांचा मिळून जो होईल, तो. मेहुणा म्हणाला ताडपत्री. ड्रायव्हर म्हणाला पुढचा टेम्पो. पुढचा टेम्पो वळणाआड गेला, वास मात्र आमच्यासोबत राहिला.

बोगद्याच्या तोंडाशी थांबलो. पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता, अगदी उदबत्तीसारखा सरळ.

पुण्यात बंद पडलेल्या गाडीला एकटेपणाची भीती नसते. त्यात तो पौर्णिमेजवळचा शनिवार होता आणि कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक तिथूनच सुरू होतो. पाच मिनिटांत वीसेक तरुण डोक्याला बॅटऱ्या बांधून आमच्या चाकाभोवती जमले. इतका उजेड आमच्या मांडवातही नसतो. ऑपरेशन थिएटरमध्ये झोपवल्यासारखं ते चाक दिसत होतं, आणि सर्जन वीस. एकाने हँडब्रेक ओढून ठेवलाय का विचारलं. हा पुढच्या चाकाला लागत नाही हे ड्रायव्हरने सांगितल्यावर त्याने ‘तरीपण’ म्हणून मुद्दा सोडला नाही. दुसरा बेअरिंग म्हणाला. तिसऱ्याने वजन विचारलं आणि खुर्च्या मोजायला सुरुवात केली. घाटात सायकली घेऊन आलेल्या दोघांनी स्वतःच्या सायकलचा ब्रेक उघडून दाखवला आणि केबलला वंगण लावा म्हणाले. आमच्या गाडीला केबल नव्हती, तेल होतं, पण त्यांचं प्रात्यक्षिक इतकं मनापासून चाललं होतं की मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं.

एका काकांनी पाण्याची बाटली उघडून थेट चाकावर नेम धरला. ड्रायव्हरने झडप घालून त्यांचा हात पकडला. रसरशीत तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकते, प्रसंगी तडकते. त्या संध्याकाळी चाकाजवळ उच्चारलं गेलेलं हे एकमेव खरं वाक्य. ते ड्रायव्हरचं होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

पाऊण तास थांबलो. चाक निवलं, धूर गेला आणि गाडी अशी निघाली की जणू काही झालंच नव्हतं. भोरला अकरा वाजता पोचलो. नवरीचे मामा पायरीवर बसून होते. बसायला दुसरं काही नव्हतंच.

पुण्यात परतल्यावर खरं निदान सुरू झालं. कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, म्हणजे देशभरच्या गाड्या तपासणारी संशोधन संस्था, १९६६ साली स्थापन झालेली. पुणेकर त्या बाजूला एआरएआयची टेकडीच म्हणतात आणि रोज पहाटे शेकडो लोक तिच्या कुंपणाशेजारून फिरायला जातात. माझा अंदाज असा, की वाऱ्याबरोबर काहीतरी बाहेर येत असणार. कारण या शहरात मोटारीविषयी मत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. आमच्या इमारतीतले एक काका तर ‘मी टेल्कोत चौतीस वर्षं काढली’ या वाक्यानेच बोलायला सुरुवात करतात. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण काका टेल्कोतूनच निवृत्त झाले आणि टेल्कोतच आहेत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर बुटाने टकटक केलं आणि “कॅलिपर” एवढं एकच म्हणून वर निघून गेले. चौतीस वर्षांपैकी तेहतीस ते टाइम ऑफिसात होते, हे मला नंतर कळलं.

पहिल्या गॅरेजने काकांचा शब्द पाळला. डाव्या कॅलिपरचं किट बदललं, पिना घासून ग्रीस लावलं, चार हजार दोनशे. तीन दिवसांनी उजवं चाक धुरावलं. दुसऱ्याने बेअरिंगं बदलली, दोन हजार आठशे. तिसऱ्याने होज पाइप आणि मागचे लायनर, साडेसहा हजार. ही सगळी कारणं खोटी होती असं नाही. पिना गंजून कॅलिपर अडकतो. रबरी होज आतून सुजून बंद होतो आणि तेलाला जाऊ देतो, परत येऊ देत नाही. लायनर जास्त घट्ट केले तर ड्रम तापतो. पुस्तकात सगळं आहे. फक्त आमच्या गाडीत नव्हतं.

गंमत अशी व्हायची, की गाडी सकाळी दहाला गॅरेजात जायची. रात्रभर निवलेली. जॅकवर घेतली की चारही चाकं एका बोटाने गरगर फिरायची, आणि मिस्त्री आमच्याकडे असं बघायचा, की बुवा, तुम्ही बरे आहात ना? शाळेच्या दिवशी पोट दुखणारं पोर डॉक्टरांच्या दारात पोचल्यावर बिस्किट मागतं, त्यातला प्रकार.

शेवटी ड्रायव्हरनेच नाना पेठेतल्या एका उस्तादांचं नाव काढलं. त्यांना फोन केला. सगळी कहाणी मेहुण्याने काकांसकट सांगितली. पलीकडून एवढंच आलं:

“एक गरम होतं का चारी?”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं, मी ड्रायव्हरकडे. दोन महिने, तेरा हजार पाचशे रुपये आणि वीस बॅटऱ्या खर्ची पडल्या होत्या, पण हे कुणी विचारलं नव्हतं. जे चाक धूर सोडेल ते आजारी, बाकीची तीन धडधाकट, असंच सगळे धरून चाललो होतो.

“गाडी गरमच आणा,” उस्ताद म्हणाले. “थंड करून आणाल तर परत पाठवीन. आणि बोगद्याच्या उतारावरून आणू नका.”

गरम करून आणायला पुण्यात काही कष्ट पडत नाहीत. धायरीहून निघालं की सिंहगड रस्ता आहे, तो कमी पडला तर स्वारगेट आहे. पण उताराबद्दल ते जे म्हणाले ते चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा तो उतार शहरात सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या. आधी सगळे ब्रेक फेल म्हणाले. नंतर तपासात पुढे आलं, की ड्रायव्हरने इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती. दोन रुपयांचं डिझेल वाचवायला ही युक्ती अजूनही चालते. तीन टनांची भरलेली गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा, इंजिनाने आवरली नाही तर, दहा लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता ब्रेकना गिळावी लागते. आधीच तापलेल्या ब्रेकमध्ये ती घालायची म्हणजे तेल उकळणार. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, पण पुढे दाब देत नाही. पेडल जमिनीला टेकतं, गाडी चालतच राहते. म्हणजे न सुटणाऱ्या ब्रेकचा शेवट न लागणाऱ्या ब्रेकमध्ये होतो. ‘निदान थांबते तरी’ म्हणणाऱ्या गृहस्थांना हे मी फोन करून कळवलं. ते जेवत होते.

नाना पेठेतल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना स्पेअर पार्टची दुकानं आहेत, आणि त्यांच्यामधून पिकअप आत घालणं म्हणजे सुईत दोर ओवणं. पोचलो तेव्हा उस्ताद स्टुलावर बसून चहा पीत होते. साठीच्या पुढचे, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. उठून त्यांनी मगातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि चारही चाकांच्या मधल्या लोखंडावर चारचार थेंब शिंपडले. पूजेला बसल्यासारखे. पुढे डावीकडे चर्र. पुढे उजवीकडे चर्र. मागे दोन्हीकडे जरा कमी, पण चर्रच.

“चारी,” ते म्हणाले आणि उरलेला चहा संपवला. “एक असतं तर चाकात बघितलं असतं. चारी एकदम आजारी पडतात का? रोग वर आहे.”

मग जे झालं ते वीस मिनिटांचं काम. पुढचं चाक जॅकवर घेतलं. फिरेना, दोन्ही हातांनी जोर लावला तरी नाही. कॅलिपरच्या निपलला पाना लावून अर्धा आटा सैल केला. तपकिरी तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे आतला दाब अडकलाय, गंजबिंज नाही. निपल बंद करून ड्रायव्हरला दोनदा ब्रेक मारायला लावला. चाक पुन्हा जाम. मग बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल केले आणि सिलिंडर बूस्टरपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढला. चाक सुटलं. “तेलाची वाट बरोबर आहे. कुणीतरी मागून ढकलतंय.”

इथे थोडं आत शिरायला हवं. मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पाय उचलला की दट्ट्या पूर्ण मागे येतो, ते भोक उघडतं आणि दाबातलं तेल वरच्या डबीत परत जातं. दट्ट्या किंचित कमी मागे आला तर भोक झाकलेलंच राहतं. तेल आत कोंडलं जातं. पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, तिच्यामुळे तेल तापतं, तापलं की फुगतं. फुगलेल्याला जायला वाट नाही, म्हणून ते पॅड आणखी आवळतं, म्हणून डिस्क आणखी तापते. कुणीही पेडलवर पाय न ठेवता ब्रेक आपल्या आपण लागत जातो. आमच्या सोसायटीतला पार्किंगचा वाद गेली सहा वर्षं याच तत्त्वावर चालू आहे. आणि थंड झालं की तेल आक्रसतं, चाक सुटतं, सकाळी दहाला सगळं ठीक. म्हणजे तिन्ही मिस्त्री निवलेल्या गाडीला तपासत होते. भांडण मिटल्यावर आलेल्या पोलिसांसारखे.

उस्तादांनी मेहुण्याला विचारलं, “हे सुरू व्हायच्या आधी ब्रेकचं काय काम केलं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“आईशप्पथ काही नाही, उस्ताद. ब्रेकला हातच लावला नव्हता कुणी.”

उस्ताद केबिनमध्ये आडवे झाले. पाय बाहेर, डोकं पेडलखाली. आतून आवाज आला, “मग हा रुपया कुणाचा?”

सगळं उलगडलं ते असं. ब्रेकच्या पेडलला वरच्या बाजूला एक प्लॅस्टिकचं बटण असतं, बोराच्या बीएवढं. पाय काढला की पेडल मागे येतं, हे बटण ब्रेकलाइटच्या स्विचची कळ दाबतं आणि मागचा दिवा विझतो. प्लॅस्टिक वयाने कडक होऊन फुटतं. आमचंही फुटलं होतं. कळ भोकातून आरपार गेली आणि ब्रेकलाइट कायमचा पेटून राहिला. पासिंगला दोन दिवस होते. मेहुण्याने रस्त्याकडेच्या एका इलेक्ट्रिशियनला गाठलं. त्याने भोकावर एक रुपयाचं नाणं चिकटवलं आणि दिवा विझेपर्यंत स्विच आत पिळला. वर ‘सेफ्टीसाठी’ आणखी दोन आटे. त्या दोन आट्यांनी पेडल जरासं खाली ढकललं गेलं, दट्ट्या तेवढाच पुढे राहिला आणि ते सुईएवढं भोक झाकलं गेलं. आधी ब्रेक लागलेला नसताना दिवा सांगत होता की लागलाय. आता ब्रेक लागलेला होता आणि दिवा म्हणत होता, छे, कुठे काय. या दुसऱ्या अवस्थेला आम्हाला पासिंगचं सर्टिफिकेट मिळालं.

“तू म्हणालास काही केलं नाही!” मी मेहुण्यावर ओरडलो.

“अहो भाऊजी, ते ब्रेकचं काम कुठे होतं? ते लाइटचं होतं.”

त्याच्या चेहऱ्यावर इतका प्रामाणिकपणा होता की पुढे बोलणंच खुंटलं. हिने डॉक्टरांना ‘कुठलंही औषध घेत नाही’ असं ठासून सांगितलेलं मी ऐकलंय, पर्समध्ये आयुर्वेदिक गोळ्यांचा डबा खुळखुळत असताना. घराणंच तसं आहे.

उस्तादांनी लॉकनट सोडून स्विच मागे घेतला, पेडल बोटाने हलवून पाहिलं. आता त्याला थोडी सैल हालचाल होती. तेवढी असावीच लागते, नाहीतर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही. तेल मात्र सगळं बदलायला लावलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं तसं. डॉट ३ तेल ताजं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलं झालेलं १४० लाच उकळू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. आमच्या मेहुण्याने गाडी घेतल्यापासून बदललं नव्हतं, कारण ‘पातळी कमी झालीच नाही कधी’. बाटलीत काढलेलं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. पॅडवर काचेसारखी चकाकी आली होती, तेही घासून घेतले. बिल नऊशे. त्यात मजुरी तीनशे, आणि मेहुण्याने त्यातलेही पन्नास कमी करून घेतले. एक रुपया परत मिळाला, तो वेगळा.

त्या रात्री धायरीच्या उतारावर हँडब्रेक काढताच गाडी आपणहून निघाली आणि ड्रायव्हर धावला. गणपतीपुढच्या पावत्या त्याने दुसऱ्या दिवशी उचलल्या. मेहुण्याने त्याची माफी मागितली नाही, पण भोरच्या खेपेचा भत्ता दुप्पट दिला, आणि ड्रायव्हरने तो मोजून घेतला. लिटरला पुन्हा तेरा. काकांना मी सगळं सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, “मी म्हटलंच होतं, कॅलिपरपर्यंत तेल येतं कुठून ते बघा.”

ते बटण नाना पेठेत दहा रुपयांना मिळतं. दोन घ्या. एक पेडलला बसवा, एक डॅशबोर्डवर गणपतीशेजारी ठेवा.